पुस्तक अर्ध्यावर का मिटते?

कादंबरीतील आवडते पात्र अचानक मरण पावते, निरपराध माणसावर घोर अन्याय होतो, ज्या दोघांनी एकत्र यावे असे मनापासून वाटत असते त्यांची कायमची ताटातूट होते आणि वाचक हातातले पुस्तक मिटून बाजूला ठेवतो. हा अनुभव बहुतेक वाचनप्रेमींना कधी ना कधी आलेला असतो. त्यावरून एक समजूत रूढ झाली आहे. वाचकाला दुःख सोसत नाही. कथानकाने क्लेशकारक वळण घेतले की तो पुस्तक सोडून देतो, अशी ही समजूत. ती निरुपद्रवी मात्र नाही. तिच्यापायी कादंबऱ्यांचे शेवट बदलले गेले, नाटके ‘दुरुस्त’ केली गेली आणि फिरत्या वाचनालयांतून पुस्तके काढून टाकली गेली. म्हणूनच ती कितपत खरी आहे, हे तपासून पाहणे अगत्याचे ठरते.

फेकलेले आणि पुन्हा उचललेले पुस्तक

या प्रश्नाचा सर्वांत बोलका पुरावा अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये सापडतो. सॅम्युअल रिचर्डसन या लेखकाची ‘क्लॅरिसा’ ही सात खंडांची कादंबरी १७४७ आणि १७४८ या दोन वर्षांत टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध झाली. घरच्यांनी लादलेला विवाह टाळण्याच्या धडपडीत एका लंपट सरदारपुत्राच्या कचाट्यात सापडलेल्या तरुणीची ही कहाणी. पहिले चार खंड वाचून झाल्यावर, नायिकेचा शेवट दुःखद होणार असल्याची कुणकुण लेडी ब्रॅडशॉ या वाचक स्त्रीला लागली. तिने टोपणनावाने लेखकाला पत्र लिहिले आणि क्लॅरिसाला वाचवण्याची कळकळीची विनंती केली. रिचर्डसनने ती मानली नाही. शेवटच्या तीन खंडांत नायिकेवर बलात्कार झाल्यानंतरची तिची परवड आणि तिचा मृत्यू यांचे सविस्तर चित्रण आले.

हे खंड वाचताना आपली काय अवस्था झाली, हे लेडी ब्रॅडशॉने १७४९ च्या जानेवारीत रिचर्डसनला कळवले. पुस्तक खाली ठेवायचे, पुन्हा हाती घ्यायचे, खोलीत येरझाऱ्या घालायच्या, डोळे पुसून दोनतीन ओळी वाचायच्या आणि पुन्हा पुस्तक भिरकावून द्यायचे, असा तिचा क्रम चालला होता. तरीही तिने कादंबरी शेवटपर्यंत वाचली. पुढे रिचर्डसनशी तिचा स्नेह जडला आणि तो वर्षानुवर्षे टिकला. ‘क्लॅरिसा’च्या स्वतःच्या प्रतीत तिने समासात आपली मते लिहिली, शेवट कसा हवा होता तेही लिहून ठेवले, त्यांतील काही शेऱ्यांना रिचर्डसनने त्याच पानांवर उत्तरे दिली. पुस्तक भिरकावणे आणि पुस्तक सोडणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे या प्रतीइतके स्पष्टपणे क्वचितच कशातून दिसेल.

नेल आणि होम्स

एकोणिसाव्या शतकात नियतकालिकांतून क्रमशः कादंबऱ्या छापल्या जाऊ लागल्या आणि वाचकाच्या हाती एक नवे अस्त्र आले. पुढचा अंक विकत घ्यायचा की नाही, हे तो दर आठवड्याला किंवा महिन्याला ठरवू लागला. चार्ल्स डिकन्सची ‘द ओल्ड क्युरिऑसिटी शॉप’ ही कादंबरी १८४० ते १८४१ या काळात साप्ताहिकातून प्रसिद्ध होत होती. तिच्यातील नेल या कोवळ्या मुलीला मारू नये, अशी विनवणी करणारी पत्रे डिकन्सकडे येऊ लागली. त्याने नेलला मरू दिले. आयर्लंडचे पुढारी डॅनियल ओकॉनेल यांनी तो भाग वाचून रडत रडत पुस्तक आगगाडीच्या खिडकीबाहेर फेकले, अशी आख्यायिका आहे. मात्र याच कादंबरीच्या अखेरच्या काळात त्या साप्ताहिकाचा खप एक लाखाच्या घरात पोहोचला होता.

यानंतर अर्धशतकाने नेमके उलट घडले. १८९१ पासून ‘स्ट्रँड’ मासिकातून येणाऱ्या शेरलॉक होम्सच्या कथांनी वाचकांना वेड लावले होते. आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्या या गुप्तहेरापुढे झाकोळून जातात, असे वाटू लागलेल्या आर्थर कॉनन डॉयलने डिसेंबर १८९३ च्या अंकात होम्सला स्वित्झर्लंडमधील एका धबधब्याच्या कड्यावरून खाली लोटले. वीस हजार वर्गणीदारांनी मासिक बंद केले, असे सांगितले जाते. आकडा नेमका किती, हा मुद्दा गौण आहे. वाचक बिथरले, हे मात्र निश्चित.

मरण दोन्ही ठिकाणी होते. मग परिणाम इतका वेगळा का झाला? नेलचा शेवट डिकन्सने अनेक आठवडे आधीपासून सूचित केला होता. भटकंती, उपासमार, खंगत जाणारी प्रकृती यांतून वाचक त्या मृत्यूपर्यंत पायरीपायरीने पोहोचला होता. होम्सच्या बाबतीत अशी तयारी नव्हती. ज्या मोरियार्टीशी झुंजताना तो कोसळला, त्याचे नावही वाचकांनी त्या कथेपूर्वी ऐकले नव्हते. शत्रू अवतरला, झुंज झाली आणि नायक संपला, हे सारे एका कथेत उरकले गेले. त्या कड्यावरून होम्सला लोटणारा हात मोरियार्टीचा नसून कंटाळलेल्या लेखकाचा आहे, हे वाचकांनी अचूक ओळखले. तेव्हाही त्यांनी होम्सला सोडले नाही. १९०१ मध्ये ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ सुरू झाली तेव्हा तेच वाचक परतले आणि १९०३ मध्ये डॉयलला होम्सला जिवंतही करावे लागले.

मराठी वाचकाची साक्ष

दुःख वाचकाला पळवून लावते, हे खरे असते तर मराठी साहित्याचा इतिहास निराळाच झाला असता. ह. ना. आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ १८९० पासून ‘करमणूक’मधून क्रमशः प्रसिद्ध झाली. बालविवाह, वैधव्य आणि सक्तीचे केशवपन यांतून जाणाऱ्या यमूची ही कहाणी त्या काळातील घराघरांतल्या दुःखाची होती. वाचकांनी ती टाळली नाही. उलट आधुनिक मराठी कादंबरीचा पाया म्हणून ती आजही मानली जाते. राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ १९१९ मध्ये रंगमंचावर आले. सिंधूची वाताहत, तिच्या बाळाचा आणि अखेर तिचा स्वतःचा अंत पाहण्यासाठी, बालगंधर्वांची सिंधू पाहण्यासाठी प्रेक्षक पुनःपुन्हा नाट्यगृहात येत. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’चा शेवट कोणापासूनही लपलेला नाही. आई गेलेली आहे, हे ठाऊक असूनच श्यामच्या आठवणी ऐकल्या जातात.

ऐतिहासिक आणि पौराणिक कादंबऱ्यांचे उदाहरण तर याहून ठळक आहे. रणजित देसाई यांची ‘स्वामी’ १९६२ मध्ये आणि शिवाजी सावंत यांची ‘मृत्युंजय’ १९६७ मध्ये प्रसिद्ध झाली. माधवराव पेशवे थेऊरला ऐन तारुण्यात देह ठेवणार आणि रमाबाई सती जाणार, कर्णाच्या रथाचे चाक रुतणार, हे पहिले पान उघडण्यापूर्वीच प्रत्येक वाचकाला माहीत असते. तरीही या दोन्ही कादंबऱ्यांच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. ‘काय होणार’ या कुतूहलाची जागा येथे ‘कसे होणार’ या ओढीने घेतलेली असते, आणि त्या वाटेवर लेखक आपल्याला दगा देणार नाही, याची वाचकाला खात्री असते.

रसविघ्नांचे शास्त्र

या कोड्याचा विचार आपल्याकडे फार पूर्वी झालेला आहे. करुण रसाने दुःखच होत असते तर कोणीही त्याच्याकडे वळला नसता आणि रामायणासारखे काव्यही केवळ दुःखाचे कारण ठरले असते, असा युक्तिवाद चौदाव्या शतकातील विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त केला आहे. करुणातही आनंद असतो याला सहृदयांचा अनुभव हेच प्रमाण, असे तो म्हणतो. काव्यातील दुःख कोणा एकाचे राहत नाही, ते सर्वांचे होते आणि म्हणूनच आस्वाद्य ठरते, हा साधारणीकरणाचा सिद्धान्त त्याच्या आधीच काश्मिरी पंडितांनी मांडला होता.

पण हा आस्वाद नेहमीच साधतो असे नाही. इसवी सनाच्या हजाराव्या वर्षाच्या आसपास होऊन गेलेल्या अभिनवगुप्ताने रसास्वादात अडथळा आणणारी सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांतील दोन विघ्ने अर्ध्यावर मिटलेल्या पुस्तकाचे मर्म उलगडून दाखवतात. पहिले विघ्न संभाव्यतेच्या अभावाचे. जे घडते आहे ते घडू शकेल, असे वाटेनासे झाले की मन त्या कथेत ठरत नाही. दुसरे विघ्न स्वतःच्याच सुखदुःखाने ग्रासले जाण्याचे. नुकतेच अपत्य गमावलेल्या माणसाच्या हाती बालमृत्यूचे प्रकरण आले तर ते दुःख त्याला ‘सर्वांचे’ म्हणून अनुभवता येत नाही. ते त्याचे स्वतःचेच होऊन बसते.

पहिल्या प्रकारात दोष लेखनाचा असतो. वाचकाला हादरवण्यासाठीच योजलेली कलाटणी, पात्राच्या स्वभावाशी विसंगत कृती, प्रसंगाची पूर्वतयारी न करता दिलेला धक्का यांनी विश्वास तुटतो आणि तो बहुधा पुन्हा जुळत नाही. दुसऱ्या प्रकारात दोष कोणाचाच नसतो. पुस्तक चांगले असते, वाचकही सहृदय असतो. केवळ वेळ चुकलेली असते. अशा वेळी पुस्तक बाजूला ठेवण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

आधुनिक पाहण्यांतूनही याला दुजोरा देणाऱ्या काही गोष्टी पुढे येतात. ‘गुडरीड्स’ या वाचकांच्या संकेतस्थळाने २०१३ मध्ये पुस्तक अर्धवट सोडण्याची कारणे विचारली तेव्हा निम्म्याच्या जवळपास वाचकांनी ‘संथ, कंटाळवाणे’ हे कारण दिले. त्याखालोखाल कमकुवत लेखन आणि न पटणारे कथानक ही कारणे होती. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बारा लघुकथा वापरल्या होत्या. शेवट आधीच सांगितलेल्या कथा वाचकांना काहीशा अधिक आवडल्या, असे त्यात दिसले. नंतरच्या काही प्रयोगांचे निष्कर्ष वेगळे आले असले, तरी शेवट कळल्याने कथा हमखास निःसत्त्व होते, ही कल्पना आता तितकीशी भक्कम राहिलेली नाही.

धास्तीची किंमत

वाचक दुरावेल या धास्तीपोटी साहित्याने मोठी किंमत मोजली आहे. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’मधील कॉर्डेलियाचा मृत्यू असह्य वाटून नहूम टेट याने १६८१ मध्ये नाटकाचे सुखान्त रूप सिद्ध केले. त्यात कॉर्डेलिया जगते आणि तिचे लग्नही होते. पुढे जवळजवळ दीडशे वर्षे रंगभूमीवर याच रूपाचा पगडा राहिला. मॅक्रेडी या नटाने १८३८ मध्ये मूळ संहितेकडे परतण्याचे धाडस केले. तोपर्यंत प्रेक्षकांच्या कित्येक पिढ्या मूळ शोकान्तिका रंगमंचावर न पाहताच गेल्या होत्या. सॅम्युअल जॉन्सनसारख्या समीक्षकानेही कॉर्डेलियाच्या मृत्यूने आपण इतके व्यथित झालो होतो की, १७६५ च्या आवृत्तीचे संपादन करावे लागेपर्यंत ते अखेरचे प्रवेश पुन्हा वाचण्याचे धैर्य झाले नाही, अशी कबुली दिली आहे. तथापि, जॉन्सनने मूळ नाटक आपल्या आवृत्तीत जसेच्या तसे छापले. वाचक म्हणून त्याने डोळे मिटले, संपादक म्हणून पान फाडले नाही. हा फरक मोलाचा आहे.

थॉमस हार्डीच्या वाट्याला असा विवेक आला नाही. १८९५ च्या ‘ज्यूड द ऑब्स्क्युअर’मधील मुलांच्या मृत्यूचा प्रसंग आणि विवाहसंस्थेवरील टीका यांनी गदारोळ उठला. वेकफील्डच्या बिशपने आपली प्रत आगीत टाकल्याचे जाहीर केले, एका बड्या फिरत्या वाचनालयातून कादंबरी काढून घेतली गेली. हार्डी यानंतर १९२८ पर्यंत जगला, भरपूर कविता लिहिल्या. नवी कादंबरी मात्र त्याने लिहिली नाही. येथे पुस्तक मिटवले ते वाचकाने स्वतःसाठी नव्हे, इतरांच्या वतीने. आणि गमावले ते सर्वांनीच.

आज अनेक प्रकाशक पुस्तकाच्या आरंभी हिंसा, आत्महत्या यांसारख्या विषयांची पूर्वसूचना देतात. ती वाचकाचे लाड करते, असा आक्षेप घेतला जातो. ‘श्यामची आई’ आणि ‘स्वामी’ यांचा अनुभव पाहता, पुढे काय वाढून ठेवले आहे हे कळल्याने वाचक पळून जातो, असे दिसत नाही. ज्याच्या मनाची वेळ अजून आलेली नाही त्याला ती सूचना थांबण्याची सवड देते, एवढेच. मजकूर सौम्य करण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी बरा, कारण त्यात थांबायचे की पुढे जायचे हे वाचक ठरवतो आणि पुस्तक अखंड राहते.

लेखकाने वाचकाला रडवावे की नाही, हा प्रश्न म्हणूनच फारसा उपयोगाचा नाही. त्या रडण्यापर्यंत नेणारी वाट त्याने प्रामाणिकपणे बांधली आहे का, हे विचारायला हवे. दुःखाने मिटलेल्या पुस्तकात वाचक बहुधा खूण ठेवतो आणि कधीतरी, महिन्यांनी वा वर्षांनी, त्या पानाशी परत येतो. विश्वास उडाल्यावर मिटलेल्या पुस्तकात मात्र खूण नसते. ते पुढच्या खेपेच्या रद्दीबरोबर घराबाहेर जाते.