पान्हा, भय आणि विश्वास

सोलापूरहून अक्कलकोटकडे जाताना दक्षिण सोलापूर तालुक्यातील वळसंग हे गाव लागते. बँकेच्या नोकरीत असताना या परिसरातील शेतीकर्जांचे काम काही वर्षे माझ्याकडे होते. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाखाली त्या काळी दुभत्या म्हशींसाठी कर्जे दिली जात. आधी एक म्हैस आणि सुमारे सहा महिन्यांनी दुसरी, म्हणजे एक आटली तरी दुसरी दुधात असावी, असा त्यामागचा हिशेब असे. म्हशीच्या कानातील विम्याचा बिल्ला पाहणे, रोजचे लिटर विचारणे आणि त्यावरून हप्ता वेळेवर येईल की नाही याचा अंदाज बांधणे हे माझे काम होते.

अशाच एका पाहणीसाठी भल्या पहाटे गावाबाहेरच्या वस्तीवर गेलो होतो. धार काढायला बसलेल्या बाईंनी आधी लेबल नसलेल्या एका छोट्या बाटलीतून सुई भरली आणि म्हशीच्या मानेत टोचली. म्हैस दचकली, दाव्याला हिसका बसला आणि थोड्याच वेळात दूध उतरले. मी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “सायेब, रेडकू गेलं. तवापास्नं पान्हाच सोडत न्हाई. सुई न्हाई टोचली तर तुमचा हप्ता कुठनं भरू?”

मी अहवालात ‘जनावर निकोप, परतफेड नियमित’ असे लिहून सही केली. पुढे निवृत्तीनंतर वाचनाला सवड मिळाली आणि त्या बाटलीत काय होते, हे मला नीट उमगले. ते ऑक्सिटोसिन होते.

एका संप्रेरकाची ओळख

१९०६ साली हेन्री डेल या ब्रिटिश शास्त्रज्ञाला पीयूषिका ग्रंथीच्या मागील भागाच्या अर्काने मांजरीचे गर्भाशय आकुंचन पावते असे आढळले. त्यातील घटकाला मिळालेल्या नावाचा मूळ ग्रीक अर्थ ‘त्वरित प्रसूती’ असा आहे. अवघ्या नऊ अमिनो आम्लांचा हा रेणू १९५३ साली अमेरिकेत व्हिन्सेंट द्यु व्हिन्यो यांनी प्रयोगशाळेत तयार केला आणि १९५५ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबवून मातेचा जीव वाचवणारे हे औषध आज प्रत्येक प्रसूतिगृहात आवश्यक मानले जाते.

हेच संप्रेरक कासेतील सूक्ष्म दुग्धकोषांभोवतीचे स्नायू आवळते आणि दूध सडांकडे उतरते. आपण ज्याला पान्हा म्हणतो, तो हाच. रेडकाने ढुशी दिली, ओळखीचा हात लागला, आंबोणाचे घमेले वाजले, की मेंदूतून ऑक्सिटोसिन रक्तात येते. म्हशीच्या बाबतीत याला फार महत्त्व आहे. तिच्या कासेतील दुधाचा जेमतेम विसावा हिस्सा सहज हाती येण्याजोगा असतो. उरलेले पान्हा सुटल्याशिवाय मिळत नाही. म्हणूनच ‘म्हैस दूध चोरते’ असे आपण म्हणतो. वास्तविक ती काही चोरत नाही, तिला पान्हा सुटत नाही एवढेच.

भय काय करते?

१९४१ साली अमेरिकेतील ईली आणि पीटरसन या संशोधकांनी एक चमत्कारिक प्रयोग प्रसिद्ध केला. धारेच्या वेळी गाय घाबरावी म्हणून त्यांनी तिच्या पाठीवर मांजर ठेवले आणि दर दहा सेकंदांनी कागदी पिशव्या फोडल्या. पुढे मांजराची गरज नाही असे आढळल्याने केवळ पिशव्यांवरच काम भागले. घाबरलेल्या गाईचे दूध उतरेना. भयाने स्रवणारे ॲड्रेनलिन पान्ह्याच्या आड येते, हे त्यातून स्पष्ट झाले.

भय ऑक्सिटोसिनला रोखते, तसे ऑक्सिटोसिनही भयाला आवर घालते का? लोझान येथील मज्जाशास्त्रज्ञ रॉन स्टूप यांनी या प्रश्नाचा दीर्घकाळ पाठपुरावा केला. मेंदूत अमिग्डाला नावाचा बदामाच्या आकाराचा भाग असतो आणि भयाची प्रतिक्रिया उठवण्यात त्याचा मोठा वाटा असतो. तेथील काही चेतापेशींना ऑक्सिटोसिन जागे करते आणि त्या पेशी भयाचा संदेश पुढे नेणाऱ्या पेशींना शांत करतात, असे त्यांच्या चमूने २००५ साली उंदरांच्या मेंदूत दाखवले. २०१२ साली व्हॅलेरी ग्रिनेविच यांच्यासह केलेल्या संशोधनात, अमिग्डालात ऑक्सिटोसिन आणणारे तंतू प्रकाशाने उद्दीपित करताच भयाने थिजलेले उंदीर पुन्हा हालचाल करू लागले.

मात्र या रेणूला केवळ ‘प्रेमाचे संप्रेरक’ म्हणून मोकळे होता येत नाही. पोर्तुगालमधील रुई ऑलिव्हेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ साली झेब्रा माशांवरील संशोधन प्रसिद्ध केले. हा मासा मूळचा आपल्याच उपखंडातील ओढ्या-नाल्यांतला. कळपातील एक मासा भ्याला की पाहणारे इतरही भितात. परंतु ज्यांच्यात ऑक्सिटोसिनची यंत्रणाच काम करत नव्हती, त्या माशांना दुसऱ्याचे भय स्पर्शतच नव्हते. म्हणजे जो रेणू आपले भय शमवतो, तोच दुसऱ्याचे भय आपल्यापर्यंत पोहोचवतो.

माणसांवरील प्रयोगांत अधिक सावधगिरी हवी. ऑक्सिटोसिन नाकात फवारल्यास परक्यावरचा विश्वास वाढतो, असा २००५ सालचा एक निष्कर्ष जगभर गाजला. पुढे अधिक माणसांवर केलेल्या प्रयोगांत तो टिकला नाही. आपल्या गटाविषयीचा ओढा त्याने वाढतो, तो सर्वांविषयी वाढेलच असे नाही, असेही काही संशोधन सुचवते. विश्वास बाटलीत भरून मिळत नाही, एवढा बोध त्यातून घ्यायला हरकत नाही.

कायदा आणि आपण

दूध काढण्यासाठी जनावराला यातना देण्याची रीत जुनीच आहे. ‘फुंका’ या क्रूर प्रकाराविषयी कळल्यावर गांधीजींनी गाई-म्हशीचे दूध न घेण्याचा निश्चय अधिकच दृढ केला होता. पुढे मुंबईतील आजारपणात कस्तुरबांच्या आग्रहामुळे त्यांनी शेळीचे दूध स्वीकारले. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे बारावे कलम फुंक्यावर बंदी घालते. दूध वाढवण्यासाठी जनावराच्या आरोग्याला अपायकारक असे कोणतेही द्रव्य टोचणे हादेखील त्यानुसार गुन्हा आहे. २०१८ साली केंद्र सरकारने ऑक्सिटोसिनचे देशांतर्गत उत्पादन एकाच सरकारी कंपनीपुरते मर्यादित केले. बाळंतिणींना औषध कमी पडेल या चिंतेने प्रकरण न्यायालयात गेले आणि त्याच वर्षी डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. पुढे वाद सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. म्हशीला अपाय आणि मातेला जीवदान, दोन्ही एकाच बाटलीत असल्याने हा पेच सोपा नाही.

अशा दुधाने मुली लवकर वयात येतात असे सर्रास बोलले जाते. त्याला पुरेसा आधार मिळालेला नाही; हा रेणू पोटात इतर प्रथिनांसारखा पचून जातो. आपल्या प्रकृतीपेक्षा रोज दोन वेळा सुई सोसणाऱ्या त्या मुक्या जीवाची चिंता अधिक खरी आहे. आपल्या परंपरेत अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत बांधून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे, अतिभार लादणे आणि अन्नपाणी रोखणे हे येतात. रेडकाच्या वाट्याचे दूध बरणीत गेले म्हणजे शेवटचा अतिचार घडतो आणि तो घडवण्यात गिऱ्हाईकाचाही वाटा असतो.

वेगळी वाटही आपल्याच भागात आहे. लांब, तलवारीसारख्या शिंगांची पंढरपुरी म्हैस गवळी गिऱ्हाइकाच्या दारात नेऊन पिळतात. कोल्हापूरच्या गंगावेशीतील दूधकट्ट्यावर वाहनांच्या गजबजाटातही ती शांतपणे पान्हा सोडते, कारण तिच्या मालकाचा हात तिच्या ओळखीचा असतो. वर्षानुवर्षांच्या या सहवासाने सुईची गरज उरत नाही.

वळसंगच्या त्या बाईंना मी दोष देत नाही. कर्जाचा हिशेब लिटरमध्ये मांडणारे आम्ही होतो आणि त्या कागदात रेडकाच्या दुधासाठी एकही रकाना नव्हता. दोन लिटर कमी धरून हप्ता लहान करावा, अशी शिफारस करणे माझ्या हाती होते. ती मी केली नाही.

आता घरी दूध घालणाऱ्या गवळ्याला मी एकच प्रश्न विचारतो: “रेडकू आहे ना? त्याला पोटभर पाजता ना?” त्यासाठी लिटरमागे चार रुपये जास्त देण्याचे आमचे ठरले आहे. आपणही आपल्या गवळ्याला एवढे विचारून पाहावे, ही विनंती.