नाताळ झाला, लूक अजून बाकी आहे

नाताळला कोलकात्यात ‘बडोदिन’ म्हणतात, म्हणजे मोठा दिवस. पार्क स्ट्रीटची रोषणाई, सेंट पॉल्स कॅथेड्रलबाहेरची गर्दी, न्यू मार्केटमध्ये नाहूमच्या केकसाठी लागलेली रांग (ही बेकरी एका ज्यू कुटुंबाने सुरू केलेली, हे मला फार आवडतं). सगळ्या धर्मांची माणसं येतात, फोटो काढतात, घरी जातात. पण २६ तारखेला त्या गोष्टीचं पुढचं पान तुम्ही उघडता का?

याच शहरात एका मराठी मुलीला बायबल भेट मिळालं होतं. रमाबाई डोंगरे. साल १८७८, वय वीस. दुष्काळाच्या दिवसांत आईवडील आणि मोठी बहीण गेलेली. भाऊ श्रीनिवासबरोबर पायी तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत ती इथे पोहोचली. इथल्या विद्वानांनी तिचं संस्कृत ऐकून तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं.

त्या दिवसांत भावंडांना एका ख्रिस्ती मेळाव्याचं आमंत्रण आलं. पुढे रमाबाईंनी ती गोष्ट स्वतःच लिहिली आहे. तिथे चहा-बिस्किटं बघून दोघांना वाटलं, कलियुग आलंच! मग लोक खुर्च्यांसमोर गुडघे टेकून डोळे मिटून बोलू लागले. समोर मूर्ती नाही, काही नाही. ही माणसं खुर्च्यांना नमस्कार करतात की काय, असं त्यांना वाटलं. निघताना त्यांना संस्कृत बायबल भेट मिळालं. त्यांनी ते वाचायचा प्रयत्न केला, पण काही उमगेना. अठरा हजार श्लोक पाठ असलेल्या बाईला संस्कृत पुस्तक कळू नये! शब्द ओळखीचे होते, पण त्यांतलं जग अनोळखी होतं.

१८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी दास या बंगाली वकिलांशी लग्न केलं आणि त्या आसामात सिलचरला गेल्या. तिथे घरातल्या पुस्तकांत त्यांना एक छोटी पुस्तिका सापडली. ती तिथे कशी आली, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. ते होतं लूककृत शुभवर्तमान, बंगालीत. संस्कृत बायबलापाशी अडलेल्या रमाबाईंनी हे मात्र आवडीने वाचलं. पतीला हे रुचलं नाही. १८८२ मध्ये ते कॉलऱ्याने गेले आणि मांडीवरच्या मुलीसह रमाबाई विधवा झाल्या.

आता तुम्ही लूकचा दुसरा अध्याय उघडा. मेंढपाळ आणि गव्हाण विसाव्या वचनापर्यंत संपतात. पुढे आठव्या दिवशी बाळाचं नाव ठेवतात. मग आईच्या शुद्धीचे दिवस भरल्यावर मरिया आणि योसेफ त्याला यरुशलेमच्या मंदिरात नेतात. अर्पण काय, तर पाखरांची जोडी. ज्याला कोकरू परवडत नाही, त्याच्यासाठी नियमशास्त्रात ठेवलेली ही सवलत. तिथे म्हातारा शिमोन भेटतो, आणि हन्नाही. सात वर्षांचा संसार, मग वैधव्य, आता चौऱ्याऐंशीची. ती मंदिरातच उपास-प्रार्थनेत असते. ती पुढे येऊन देवाचे आभार मानते आणि वाट पाहणाऱ्या सगळ्यांना त्या बाळाबद्दल सांगू लागते. लूक तिला संदेष्टी म्हणतो, तिच्या बापाचं आणि वंशाचंही नाव देतो. चार शुभवर्तमानांपैकी फक्त लूकमध्येच ती आहे, तीन वचनांपुरती. आपल्या नाताळच्या नाटकांत तिला जागाच नसते. पडदा मागी लोकांवरच पडतो.

हन्ना वाचताना रमाबाईंना काय वाटलं, हे सांगायचा आव मी आणणार नाही. पण त्या काळी इथे विधवेचं तोंड सकाळी दिसणं अशुभ मानत. आणि त्यांच्या हाती आलेल्या या पुस्तकात एक विधवा भर मंदिरात बोलत होती.

१८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये विधवा आणि दुष्काळातून वाचलेल्या मुलींबरोबर राहताना त्यांना मराठी बायबलाची भाषा जड वाटू लागली. तसं मराठी शुभवर्तमान जुनंच. पहिलं, मत्तयाचं, छापलं गेलं तेही कोलकात्याजवळच, श्रीरामपूरला, विल्यम केरी यांच्या छापखान्यात, १८०५ साली. त्यांच्या मदतीला वैजनाथ पंडित होते. पण रमाबाईंसमोर बसणाऱ्या बायकांना पंडिती मराठी काय कामाची? उतारवयात त्यांनी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला आणि सबंध बायबल साध्या मराठीत आणलं. खिळे जुळवायचं आणि छपाईचं काम मुक्तीतल्या बायकांनीच केलं. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई गेल्या. ते बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं.

लूकचे अध्याय चोवीस आहेत. रोज एक वाचला, तर २६ डिसेंबरला सुरू करून १८ जानेवारीला संपतो. फोनवर मराठी बायबल फुकट मिळतं. घरात आजी असेल तर दुसरा अध्याय तिला मोठ्याने वाचून दाखवा, आणि मेंढपाळ गेले म्हणून थांबू नका.