‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चा हरवलेला सोर्स कोड

संगणकावरील खेळ ग्राहकाच्या हाती पडतो तो मशीन कोडच्या रूपात, म्हणजे प्रोसेसरला थेट उमगणाऱ्या अंकांच्या मालिकेच्या रूपात. ज्या मजकुरातून ती मालिका तयार झाली तो सोर्स कोड मात्र लेखकाच्या कपाटात राहतो आणि पुष्कळदा तिथेच नाहीसा होतो. जॉर्डन मेक्नर यांनी ॲपल टू संगणकासाठी लिहिलेला आणि ब्रॉडरबंड कंपनीने १९८९ मध्ये बाजारात आणलेला ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा खेळ या दुर्दैवातून थोडक्यात बचावला. धाकट्या भावाला धावताना, उड्या मारताना चित्रित करून त्या चित्रफितीवरून राजपुत्राच्या हालचाली एकेक चौकट गिरवून घेतल्याची कथा प्रसिद्ध आहे, आणि नव्वदच्या दशकात डॉसवर हा खेळ खेळलेल्या मराठी वाचकांना त्या हालचालींचा जिवंतपणा वेगळा सांगायला नको.

हा खेळ ६५०२ या आठ बिटांच्या प्रोसेसरच्या असेंबली भाषेत लिहिला गेला. या भाषेत प्रोसेसरच्या प्रत्येक आज्ञेला एक संक्षिप्त शब्द असतो, आणि स्मृतीतील जागांना लेखक स्वतः नावे देतो. मात्र असेंबलर हा मजकूर मशीन कोडमध्ये उतरवतो तेव्हा नावांच्या जागी निव्वळ पत्ते येतात आणि लेखकाने शेजारी लिहिलेल्या टिपा पूर्णपणे गळून पडतात. उलट दिशेने जाऊन मशीन कोडवरून आज्ञा पुन्हा मिळवता येतात. खेळाच्या डॉस आवृत्तीचे असे विघटन करून हौशी प्रोग्रामरांनी ती आजच्या संगणकांवर चालती केली आहे, आणि त्यांची चिकाटी विलक्षण आहे. तरीही प्रोसेसर काय करतो एवढेच त्यातून कळते. लेखकाने ते तसे का करवले हे कळत नाही.

राजपुत्राची काळी सावली हे याचे बोलके उदाहरण आहे. ॲपल टूच्या स्मृतीत नव्या पात्राच्या चित्रांसाठी जागाच उरली नव्हती, म्हणून मेक्नर यांनी राजपुत्राचीच चित्रे घेतली, प्रत्येक चित्र एका बिटाने सरकवले आणि मूळ चित्राशी त्याची ‘एक्सॉर’ क्रिया केली. या क्रियेत दोन बिट सारखे असल्यास शून्य आणि वेगळे असल्यास एक मिळतो, त्यामुळे आकृतीचा आतला भाग पुसला जाऊन लुकलुकणारी बाह्यरेषा उरली. खेळातील सर्वांत स्मरणीय प्रतिस्पर्धी अशा रीतीने जागेच्या टंचाईतून जन्मला. मशीन कोड वाचणाऱ्याला इथे मोजक्या आज्ञा दिसतात. त्यांमागची अडचण मेक्नर यांनी स्वतः सांगितली म्हणूनच ठाऊक आहे.

सुमारे दहा वर्षे अधूनमधून या सोर्स कोडचा शोध घेऊन मेक्नर यांनी आशा जवळजवळ सोडली होती. २०१२ मध्ये न्यूयॉर्कमधील घराची आवराआवर करताना त्यांच्या वडिलांना कपाटाच्या मागच्या बाजूला जुने सामान सापडले, आणि त्यात साडेतीन इंची फ्लॉपींचे तीन छोटे डबे होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये संग्रहकार जेसन स्कॉट आणि ॲपल टूचे जाणकार टोनी डियाझ यांच्या मदतीने त्या फ्लॉपी वाचल्या गेल्या आणि सोर्स कोड सर्वांसाठी खुला झाला.

या फ्लॉपी साध्या पीसीत घालून वाचता येत नाहीत. चकतीच्या बाहेरच्या कडेला वर्तुळाकार मार्ग लांब आणि आत आखूड असतो. पीसीची ड्राइव्ह दोन्हीकडे एकाच गतीने फिरते आणि बाहेरची जादा जागा वाया घालवते. ॲपलच्या ड्राइव्हने ८० मार्गांचे पाच पट्टे पाडले, बाहेरच्या पट्ट्यात चकती सावकाश फिरवून प्रत्येक मार्गावर १२ विभाग बसवले आणि आत येताना गती वाढवत ही संख्या ८ वर आणली. प्रत्येक विभागात ५१२ बाइट धरले तर दोन्ही बाजू मिळून नेमके ८०० किलोबाइट भरतात. हिशेब इतका चोख आहे की त्याचे कौतुक वाटल्याशिवाय राहत नाही, पण याच चोखपणामुळे पुढच्या पिढीला ॲपलचीच ड्राइव्ह किंवा चकतीवरील चुंबकीय बदल जसेच्या तसे नोंदवणारे खास उपकरण शोधावे लागते.

पुढच्या अडचणी अधिक गंभीर आहेत. विकायच्या सव्वापाच इंची फ्लॉपीवर रोलंड गुस्ताफसन यांनी प्रत्येक मार्गावर नेहमीच्या १६ विभागांऐवजी १८ विभाग बसवणारी पद्धत वापरली होती. अशी चकती नेहमीच्या साधनांना वाचताच येत नाही. चुंबकीय थर झिजतो, बुरशी चढते, आणि जुन्या ड्राइव्ह दुरुस्त करणारे हात कमी होत आहेत. कायद्याचीही गाठ आहे: मेक्नर यांनी कोड अभ्यासासाठी खुला करतानाच स्पष्ट केले की ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ ही युबीसॉफ्टची चालू मालिका असल्याने यातून त्या खेळाचे कोणतेही हक्क कुणाला मिळत नाहीत. ज्या खेळांच्या कंपन्या बुडाल्या वा विकल्या गेल्या, त्यांच्याबाबत परवानगी कोणाकडे मागावी हेही अनेकदा ठरवता येत नाही. आणि प्रत्येक लेखकाचे वडील जुना डबा जपून ठेवतातच असे नाही.

ऐंशी-नव्वदच्या दशकांत पुण्या-मुंबईत मराठी अक्षरजुळणीचे, हिशेबाचे, शाळेचे किंवा खेळांचे प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या घरीही अशा फ्लॉपी असतील. त्या रद्दीत घालू नयेत, कुतूहलापोटी जुन्या ड्राइव्हमध्ये पुन्हा पुन्हा फिरवू नयेत. जाणकाराकडून प्रथम संपूर्ण चकतीची प्रत काढून घ्यावी, आणि हे काम याच वर्षी करावे.