घरातील राउटर व त्याची राखण

दिल्ली, नोएडा, गुरुग्राम या परिसरातील असंख्य घरांत भिंतीच्या कोपऱ्यात एक लहानशी पेटी असते. तिच्यावरील दिवे लुकलुकत आहेत तोवर तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. या पेटीस राउटर म्हणतात. घरातील संगणक, मोबाइल व दूरचित्रवाणी संच यांची इंटरनेटशी चालणारी सारी देवघेव तिच्यामार्फत होते. म्हणून तिला घराचा दरवाजा म्हणणे वावगे होणार नाही.

राउटर हा वस्तुतः एक लहान संगणकच होय. त्याच्या स्मृतीत एक आज्ञावली कायम साठविलेली असते. तिला फर्मवेअर म्हणतात. मनुष्याने लिहिलेली एवढी विस्तृत आज्ञावली सर्वस्वी निर्दोष असणे दुरापास्त आहे. दोष आढळला, की निर्माता सुधारित आवृत्ती काढतो. परंतु ती घरच्या पेटीत उतरविली गेली नाही, तर धोका कमी न होता उलट वाढतो. कारण दुरुस्ती प्रसिद्ध होताच मूळ दोष कोठे होता, हे हल्लेखोरासही कळून येते.

याचे बोलके उदाहरण २०१४ साली पुढे आले. अनेक कंपन्यांच्या राउटरांत वापरल्या जाणाऱ्या ‘रॉमपेजर’ या आज्ञावलीतील एक गंभीर दोष चेक पॉइंट या संस्थेच्या संशोधकांनी उघड केला. १८९ देशांतील सुमारे १ कोटी २० लाख उपकरणांत तो आढळला. आश्चर्याची गोष्ट ही, की मूळ निर्मात्याने तो २००५ सालीच दुरुस्त केला होता. औषध नऊ वर्षे तयार होते. रोग्यापर्यंत ते पोहोचलेच नव्हते.

दुसरा दोष परवलीच्या शब्दाचा. कारखान्यातून निघताना एकाच जातीच्या हजारो राउटरांना बहुधा ‘ॲडमिन’ असा एकच शब्द दिलेला असे. २०१६ साली ‘मिराई’ नामक घातक आज्ञावलीने अशा साठाच्या आसपास ठरावीक जोड्या वापरून जगभरातील लाखो कॅमेरे व राउटर आपल्या ताब्यात घेतले.

भारतास याचा प्रत्यय जुलै २०१७ मध्ये आला. भारत संचार निगम आणि दिल्ली व मुंबई येथे सेवा देणारे महानगर टेलिफोन निगम यांच्या ग्राहकांचे हजारो मोडेम एकाएकी निकामी होऊ लागले. मूळ परवलीचा शब्द तसाच राहिलेली यंत्रे या हल्ल्यास बळी पडली, आणि तो शब्द बदलावा, असे आवाहन भारत संचार निगमास ग्राहकांना करावे लागले.

बंद पडलेले यंत्र निदान लक्षात तरी येते. याहून अधिक भयावह आहे तो मूक हल्ला. संकेतस्थळाचे नाव दिल्यावर त्याचा अंकी पत्ता कोणास विचारावा, याची नोंद राउटरमध्ये असते. ती नोंद बदलली, तर बँकेचे नाव अचूक लिहूनही मनुष्य एखाद्या बनावट पानावर पोहोचू शकतो. दिवे मात्र पूर्ववत् लुकलुकत राहतात.

मिराईसारखी आज्ञावली तात्पुरत्या स्मृतीत वसत असल्याने राउटर बंद करून पुन्हा चालू केल्यास ती नाहीशी होते. तथापि परवलीचा शब्द तोच राहिला, तर ती लवकरच परत येते. म्हणून उपाय क्रमाने योजावेत. प्रथम यंत्र मूळ स्थितीत आणावे. नंतर परवलीचा शब्द बदलून तो लांब व निराळा ठेवावा. निर्मात्याची नवी आवृत्ती उतरवावी. आणि बाहेरून यंत्र चालविण्याची सोय गरज नसल्यास बंद करावी. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू केलेले सायबर स्वच्छता केंद्र संगणक व मोबाइल यांच्या शुद्धीकरणासाठी विनामूल्य साधने पुरविते.

निर्मात्याने ज्या राउटरसाठी सुधारणा काढणे थांबविले आहे, तो चालू असला तरी बदलणे इष्ट. बिघडलेल्या एका राउटरची झळ एकाच घरास लागत नाही. तोच इतरांवरील हल्ल्याचे हत्यार बनतो. साथीच्या रोगाप्रमाणे येथेही प्रत्येक घराची स्वच्छता ही साऱ्या वस्तीची राखण ठरते.