इंजिन दुचाकीचे, गाडी दुसरी : सीडीआय बदलताना काय पाहावे?

पाहुणे हैदराबादला आले की चारमिनार, सालारजंग आणि प्राणिसंग्रहालय झाल्यावर मुलांचा हट्ट असतो तो बहादूरपुऱ्याच्या सुधा कार्स म्युझियमचा. के. सुधाकर यांनी तिथे क्रिकेटच्या चेंडूच्या, बुटाच्या, पर्सच्या आकाराच्या गाड्या करून ठेवल्या आहेत आणि त्या नुसत्या शोभेच्या नाहीत, चालतात. त्यांनीच बनवलेल्या उंच तीनचाकीची नोंद २००५ मध्ये गिनीज बुकात झाली. आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण अगदी अलीकडचे. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले भाग जमवून छोटी जीप केली. दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी ही चारचाकी डिसेंबर २०२१ मध्ये देशभर गाजली.

अशा गाड्या पाहून आलेली मुले पुढे अभियांत्रिकीला जातात आणि जुन्या मोटारसायकलचे इंजिन आणून प्रकल्प सुरू करतात. सांगाडा वेल्ड होतो, इंजिन बसते, साखळीही जुळते. घोडे अडते ते ठिणगीपाशी. किक मारून पाय दुखतो, पण इंजिन धरत नाही. धरले तर फटफट आवाज करून बंद पडते. कधी कधी त्याहून वाईट होते : इंजिन सुरू होते, पण बंदच होत नाही. या तिन्ही तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा एका छोट्या काळ्या पेटीत आणि तिच्या तारांत असते. ती पेटी म्हणजे सीडीआय. पालकांनाही समजावे आणि मुलांनाही उपयोग व्हावा म्हणून ही माहिती.

पेटी मागेच का राहते?

जुन्या सामानाच्या बाजारात इंजिन विकत घेतले की त्याच्या पोटातला मॅग्नेटो आणि पिकअप कॉइल सोबत येतात, कारण ते इंजिनच्या झाकणाखालीच असतात. सीडीआय, एचटी कॉइल, चावीचा स्विच आणि वायरिंग मात्र मूळ गाडीच्या सांगाड्यावर असते. ते तिथेच राहते किंवा दुसऱ्या गिऱ्हाइकाला जाते. मग पुतलीबावलीच्या दुकानात जाऊन ‘एक सीडीआय द्या’ म्हणून मागितला जातो. दुकानदार विचारतो, कोणत्या गाडीचा? हा प्रश्न महत्त्वाचा आहे. नवी गाडी कोणती हे इथे गौण आहे. इंजिन ज्या गाडीचे, त्याच मॉडेलचा आणि शक्यतो त्याच सालाचा सीडीआय हवा.

ठिणगी कशी पडते?

पेट्रोल आणि हवेचे मिश्रण पेटवायला स्पार्क प्लगच्या टोकाशी हजारो व्होल्टचा दाब लागतो. बॅटरी मात्र १२ व्होल्टची. हा दाब तयार करण्याच्या दोन रीती आहेत.

पहिली जुनी. जुन्या लुना, राजदूत, येझदीमध्ये प्लॅटिनम पॉइंट असत. कॉइलमधून वीज वाहत असते आणि पॉइंट उघडले की ती अचानक तुटते. जोरात वाहणारा नळ एकदम बंद केला की पाइप धडकन हादरतो, तसाच विजेचा धक्का कॉइलमध्ये बसतो आणि दाब वाढतो. आज पॉइंटच्या जागी ट्रान्झिस्टर हेच काम करतो. त्या पद्धतीला टीसीआय म्हणतात.

दुसरी रीत सीडीआयची, म्हणजे कपॅसिटर डिस्चार्ज इग्निशनची. इथे कपॅसिटर ही बादली समजा. ती २०० ते ४०० व्होल्टपर्यंत भरायची आणि नेमक्या क्षणी एचटी कॉइलमध्ये एकदम उपडी करायची. उपडी कधी करायची हे पिकअप कॉइल सांगते. फिरत्या मॅग्नेटवरचा उंचवटा तिच्यासमोरून गेला की ती पेटीला इशारा देते.

क्षण नेमका का हवा, ते आकड्यात पाहू. मिनिटाला ६००० फेऱ्यांवर क्रँक एका सेकंदाच्या हजाराव्या भागात ३६ अंश फिरतो. ठिणगी एवढीशी जरी पुढे-मागे झाली तरी इंजिन ताकद गमावते, तापते किंवा किक उलटी मारते. म्हणून वेग वाढेल तशी ठिणगी लवकर पाडण्याचे गणित सीडीआयमध्येच भरलेले असते आणि ते प्रत्येक इंजिनासाठी वेगळे असते. प्लग जुळला, सॉकेट बसले, एवढ्यावर भरवसा ठेवू नये.

दिसायला सारख्या, स्वभावाने वेगळ्या

एसी-सीडीआय : बादली भरायची वीज मॅग्नेटोतल्या सोर्स कॉइलमधून येते. बॅटरी नसली तरी चालते. बिनबॅटरीच्या साध्या प्रकल्पाला हा प्रकार सोयीचा.

डीसी-सीडीआय : वीज बॅटरीतून येते आणि पेटीच्या आत तिचा दाब वाढवला जातो. बॅटरी उतरली की ठिणगीही गेली.

टीसीआय : वर सांगितलेली नळ तोडण्याची पद्धत. तिला लागणारी एचटी कॉइल वेगळी असते. टीसीआयच्या कॉइलचा प्राथमिक रोध काही ओहम असतो, सीडीआयच्या कॉइलचा बहुधा एक ओहमपेक्षाही कमी. सीडीआयची कॉइल टीसीआयला जोडली तर जास्त करंट ओढला जाऊन पेटी जळू शकते. म्हणून पेटी आणि कॉइल जोडीनेच घ्यावी.

आणखी एक उदाहरण. २००३ पासूनच्या पल्सर डीटीएस-आय इंजिनात एका सिलिंडरला दोन प्लग आहेत. त्याला एका प्लगच्या गाडीची पेटी लावली तर अर्धेच काम होणार.

आपले इंजिन कोणत्या प्रकारचे हे कळायला झाकणातून येणाऱ्या तारा मोजाव्यात. दिवे आणि चार्जिंगच्या तारा सोडून पिकअपची तार असतेच. त्याशिवाय मल्टिमीटरवर काही शे ओहम दाखवणारी वेगळी सोर्स कॉइल सापडली तर ते एसी-सीडीआयचे इंजिन. नसेल तर पेटीला बॅटरी लागणार. तारांचे रंग कंपनीगणिक बदलतात, म्हणून त्या मॉडेलचा वायरिंगचा नकाशा समोर ठेवूनच जोडणी करावी.

जोडताना चार गोष्टी

१. अर्थिंग. मोटारसायकलमध्ये इंजिन थेट सांगाड्याला बोल्टने घट्ट असते, त्यामुळे अर्थ आपोआप मिळतो. नव्या गाडीत मध्ये रबर किंवा रंगाचा जाड थर येतो आणि अर्थ तुटतो. इंजिन, सांगाडा, पेटी आणि बॅटरीची ऋण बाजू एका जाड तारेने जोडावी. ‘सीडीआय खराब आहे’ म्हणून बदललेल्या पेट्यांपैकी कितीतरी निर्दोष असतात. दोष या एका तारेचा असतो.

२. पिकअपची दिशा. दोन तारांचे पिकअप उलटे जोडले तर ठिणगी पडते, पण चुकीच्या क्षणी. इंजिन किक मागे फेकते, घोट्याला इजा होऊ शकते.

३. जागा. पेटी मूळ गाडीत हवेशीर जागी असते. बंद बॉनेटखाली, सायलेन्सरच्या जवळ ती ठेवू नये. पिकअपची तार एचटी वायरपासून दूर न्यावी, नाहीतर खोटे इशारे जातात.

४. ठिणगी तपासणे. प्लग काढून टोपीत बसवावा, त्याचे धातूचे अंग इंजिनला टेकवावे आणि मग किक मारावी. प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ येते, म्हणून प्लग तिथून लांब धरावा. टोपी मोकळी लटकवून किक मारू नये. दाबाला वाट मिळाली नाही की पेटी किंवा कॉइल फुकट जाते.

बंद कसे करायचे, हे आधी ठरवा

ही या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. डीसी-सीडीआय आणि टीसीआयमध्ये चावी वीज तोडते आणि इंजिन बंद होते. एसी-सीडीआयमध्ये नेमके उलटे आहे. तिथे किल तार अर्थला टेकवली की इंजिन बंद होते आणि तार मोकळी राहिली की चालू राहते. म्हणजे नव्या गाडीत किल तार जोडायची राहिली, किंवा हादऱ्याने निसटली, तर चावी काढून खिशात टाकली तरी इंजिन धावत राहील.

दुसरा धोका असा की चारचाकीची चावी ‘ऑन’ केल्यावर तारेत १२ व्होल्ट येतात. तीच तार एसी-सीडीआयच्या किल तारेला जोडली तर पेटी जळण्याची शक्यता आहे. गाडीत बॅटरी असेल तर नॉर्मली क्लोज्ड रिले वापरावा. चावी चालू असताना रिले किल तार अर्थपासून सोडवतो. चावी बंद केली, फ्यूज उडाला किंवा रिलेची वीज तुटली तर तो ती अर्थला टेकवतो. म्हणजे वीज गेली तर गाडी थांबेल, सुटणार नाही.

पहिल्या चाचणीला मागची चाके उचलून टेकू द्यावा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा, अग्निशामक जवळ असावा. किल स्विचने इंजिन चार-पाच वेळा बंद करून पाहावे. ते प्रत्येक वेळी बंद झाले तरच कुणी आसनावर बसावे. महाविद्यालयांच्या फॉर्म्युला स्टुडंट प्रकारच्या स्पर्धांत चालकाजवळ आणि गाडीच्या दोन्ही बाजूंना बंद करण्याची बटणे सक्तीची असतात ती याचसाठी. चालक गोंधळला तर बाहेरच्याला गाडी थांबवता आली पाहिजे.

नवी इंजिने

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि बहुतेक मोटारसायकलींत कार्ब्युरेटरऐवजी इंधन इंजेक्शन आले. तिथे ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही ईसीयू सांभाळतो. साइड स्टँडचा स्विच, क्लचचा स्विच, गाडी पडली का हे सांगणारा सेन्सर, असे अनेक निरोप त्याला लागतात. हा पडण्याचा सेन्सर नव्या गाडीत आडवा बसवला तर ईसीयूला वाटते गाडी पडली आहे आणि तो ठिणगी तोडतो. म्हणून असे इंजिन घेताना संपूर्ण वायरिंग, ईसीयू आणि सेन्सर एकाच गाडीचे घ्यावेत. शिकण्यासाठी कार्ब्युरेटरचे जुने इंजिनच बरे.

आणि रस्ता?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. लोहार यांची जीप पाहून आनंद महिंद्रांनी कौतुक केले, पण ती नियमात बसत नसल्याने अधिकारी कधीतरी थांबवतील हेही सांगितले. बदल्यात त्यांनी बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळाली. प्रत्येकाच्या दारी बोलेरो येणार नाही. शिवाय अपघात झाला तर विम्याचा प्रश्न उभा राहतो. म्हणून असे प्रयोग महाविद्यालयाच्या आवारात, बंद मैदानावर किंवा स्पर्धेच्या ट्रॅकवरच व्हावेत.

मुलांचे हात काळे होऊ द्यावेत. मल्टिमीटर हाती धरून दोष शोधायला शिकलेले मूल पुढे कुठलेही यंत्र पाहून बिचकत नाही. घरच्यांनी किक मारण्याआधी एकच प्रश्न विचारावा : ‘बाळा, हे बंद कसे करायचे?’ उत्तर करून दाखवले, तरच पुढे जाऊ द्यावे.