जुनी चादर आणि अडीच तिकिटे

उन्हाळ्यात हप्त्यांवर महाबळेश्वर करून येणारी आणि जूनमध्ये मुलांच्या वह्यांसाठी उसने मागणारी घरे आम्ही शिक्षक मंडळी दरवर्षी पाहतो. परभणीत राहून सहल एवढी महाग का पडावी?

आमची तयारी जुन्या चादरीपासून सुरू होते. चादर मधोमध विरते, कडा शाबूत राहतात. ती मधून उभी फाडून चांगल्या कडा एकमेकींना जोडायच्या. विरलेला भाग बाहेर येतो, तो कापून टाकायचा. दादी धावदोरा घालतात, मुले सुईत दोरा ओवून देतात. दोन दुपारींत दस्तरखान तयार.

दिवाळीच्या सुट्टीत तो घेऊन एस.टी.ने जिंतूरमार्गे पूर्णेवरचे येलदरी धरण गाठायचे. पंचाहत्तरी ओलांडलेल्या दादींना प्रवास मोफत (आधार कार्ड विसरू नये), अम्मी आणि मुलीला २०२३पासून अर्धे तिकीट, दहा वर्षांच्या मुलालाही अर्धे. अब्बूंचे तेवढे पूर्ण. पाच माणसे, अडीच तिकिटे! डब्यात ज्वारीच्या भाकरी, लसणाची चटणी, उकडलेली अंडी.

मुलांना पाण्यात मात्र उतरू देऊ नये. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ जातानाच जिंतूर स्थानकावर विचारून घ्यावी.