टेंडर, वाफ एंजिनाचे

टेंडर, वाफ एंजिनाचे : वाफेवर चालणाऱ्या रेल्वे एंजिनास लागणारे पाणी व इंधन वाहून नेण्यासाठी त्याच्या मागे कायम जोडलेले स्वतंत्र चाकांचे वाहन. ही सामग्री ज्या एंजिनाच्या स्वतःच्या सांगाड्यावरच ठेवलेली असते त्यास टाकी एंजिन म्हणतात. १८२९ मधील ‘रॉकेट’ या एंजिनामागे पाण्याचे पिंप ठेवलेला साधा गाडा होता. पुढील शंभर वर्षांत टेंडराचे आकारमान अनेक पटींनी वाढले. तत्त्व मात्र तेच राहिले [⟶ रेल्वे].

टेंडर म्हणजे कोळशाचा डबा असा सर्वसामान्य समज आहे. वस्तुतः ती मुख्यतः पाण्याची टाकी असते. एक किग्रॅ. बऱ्यापैकी कोळशाच्या ज्वलनाने सु. ६ ते ७ किग्रॅ. पाण्याची वाफ होते आणि बहुतेक एंजिनांत ही वाफ सिलिंडरातील काम संपताच धुराड्यातून बाहेर फेकली जाते. स्वातंत्र्योत्तर काळातील डब्ल्यूपी वर्गाच्या ब्रॉडगेज एंजिनाच्या टेंडरात सु. १५ टन कोळसा व सु. २५,००० लिटर, म्हणजे २५ टन, पाणी मावे. एवढा कोळसा जाळण्यास ९० टनांहून अधिक पाणी लागते. म्हणजेच एकदा भरलेला कोळसा संपेपर्यंत पाणी तीन-चार वेळा घ्यावे लागे. एंजिन किती दूर जाईल हे पाण्याने ठरे, कोळशाने नव्हे. ठराविक अंतरावरील स्थानकांत उंच टाक्या आणि रुळालगतचे फिरत्या नळाचे लोखंडी खांब उभारलेले असत ते याच कारणाने.

टाकी पोलादी पत्र्याची असून वरून पाहिल्यास बहुधा घोड्याच्या नालाच्या आकाराची दिसते. नालाच्या दोन भुजांमध्ये कोळसा राहतो. त्याचा तळ पुढे उतरता असतो, त्यामुळे कोळसा आपोआप भट्टीच्या दिशेने घसरतो. टाकीत आडवे पत्रे बसविलेले असतात. ते नसल्यास गाडी थांबताना वा वळताना कित्येक टन पाणी एकदम हेलकावेल. भार तीन आसांवर किंवा चारचाकी बोगींच्या जोडीवर वाटलेला असतो. एंजिनाशी जोड मजबूत दांड्याने केलेली असून पाणी लवचिक नळ्यांतून, गाळणीमार्गे, इंजेक्टरकडे जाते. फ्रेंच अभियंते आंरी झीफार यांनी १८५८ मध्ये शोधलेले हे उपकरण वाफेच्याच झोताने बाष्पित्रात पाणी ढकलते. परंतु पाणी फार तापलेले असल्यास ते काम देत नाही. नागपुरासारख्या, उन्हाळ्यात ४५° से. च्या वर पारा चढणाऱ्या प्रदेशात ही गोष्ट क्षुल्लक नव्हे.

टेंडराच्या रचनेचा खरा भार आगवाल्यावर, म्हणजे फायरमनवर पडे. प्रवास लांबत जाई तसतसा कोळशाचा ढीग मागे हटे आणि तो फोडून पुढे ओढावा लागे. भारतात एंजिनावर ड्रायव्हरबरोबर बहुधा दोन फायरमन असत, त्यांतील एकाचे हेच मुख्य काम होते. एंजिन फिरविण्यास टर्नटेबल नसल्यास टेंडर पुढे करून गाडी न्यावी लागे. मग समोरचा मार्ग नीट दिसत नसे व कोळशाची भुकटी डोळ्यांत जाई.

टेंडराचे ओझे ओढण्यातच एंजिनाची काही शक्ती खर्ची पडते आणि त्या वजनाचा चालक चाकांच्या रुळांवरील पकडीस उपयोग होत नाही. यावर एक उत्तर नागपूरचे नाव धारण करणाऱ्या रेल्वेने स्वीकारले. जी. आय. पी. रेल्वे १८६७ मध्ये नागपुरास पोहोचली होती. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने नागपूर-छत्तीसगड हा मीटरगेज मार्ग घेऊन तो ब्रॉडगेज केला. कोळसा व खनिजांच्या अवजड गाड्यांसाठी या कंपनीने १९२९ मध्ये एन वर्गाची गॅरट एंजिने आणली. यांत बाष्पित्र मधल्या सांगाड्यावर असून त्याच्या दोन्ही टोकांस चालक चाकांचे स्वतंत्र संच आहेत. पाणी व कोळसा याच संचांवर ठेवलेला असतो. टेंडराचे वजन अशा रीतीने पकडीच्या कामी येते. सु. २३४ टनांची ही एंजिने भारतातील सर्वांत मोठी वाफ एंजिने ठरली. त्यांतील एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. मात्र पाणी व कोळसा खर्च होईल तशी पकडही घटत जाते, हा दोष त्यांतही उरतो.

याच कंपनीच्या सातपुडा भागातील ७६२ मिमी. रुंदीच्या नॅरोगेज मार्गांवर अडचण वेगळी होती. हलक्या रुळांवर आसभार मर्यादित ठेवावा लागे; तेथे पाणी-कोळशाचे वजन वेगळ्या चाकांवर टाकणारे टेंडरच सोयीचे. उलट नेरळ-माथेरान मार्गावर (१९०७) अंतर थोडे व वळणे तीव्र असल्याने टाकी एंजिने वापरली गेली. नॅरोगेजवरील जुनी सामग्री नागपूर येथील मोतीबाग संग्रहालयात २००२ पासून पाहावयास मिळते.

पाण्यासाठी थांबणे टाळण्याचे प्रयत्न इतरत्र झाले. जॉन रॅम्सबॉटम यांनी १८६० मध्ये इंग्लंडमधील लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेसाठी रुळांमधील लांब हौदांतून धावत्या गाडीने पाणी उपसण्याची युक्ती काढली. १९२८ मध्ये लंडन-एडिंबरो या विनाथांबा गाडीच्या टेंडरातून अरुंद बोळ काढण्यात आला, त्यामुळे चालकांची पाळी वाटेतच बदलता येई. दक्षिण आफ्रिकेच्या कारू या रखरखीत प्रदेशासाठी १९५३ पासून आलेल्या २५ वर्गाच्या एंजिनांत वापरलेली वाफ टेंडरातच थंड करून तिचे पुन्हा पाणी केले जाई. पाण्याची मोठी बचत झाली, पण यंत्रणेची देखभाल फार जिकिरीची ठरली. भारतीय ब्रॉडगेजवरील वाफ एंजिनांची नियमित सेवा १९९५ मध्ये संपली.